कोंबडीचा पोशाख

अमेरिकेतल्या टोलेडोत टायर बदलून घ्यायला बसलो होतो. शेजारी सत्तरीची एक बाई आणि तिचा धाकटा दीर.

"वहिनी, रविवारी आपल्या फँटसी फुटबॉलची निवड आहे, खरे खेळाडू वाटून आपापले कागदी संघ करायचे. दादा गेला, त्याच्या जागी यंदा तुम्ही, आणि खेळाडू उचलायचा पहिला नंबरही तुमचाच. तो मला द्या, माझा पाचवा घ्या. वर एक चांगला पळणारा गडी देतो."

"आणि तू क्वार्टरबॅक उचलणार."

"छे! चेंडू फेकणारे नंतरही मिळतात."

"मिळतात की, उरलेसुरले."

"दादानं खालचाच नंबर घेतला असता."

"घेतलाच ना! अकरा वर्षं तुझं ऐकून घेतला. चार वेळा शेवटचा आला, आणि चारही वेळा कोंबडीचा पोशाख घालून भर चौकात उभा राहिला. तू फोटो काढत होतास."

"शेवटच्याला ती शिक्षा असतेच, वहिनी. म्हणून तर सांगतोय. या वयात तुम्ही चौकात..."

"मी क्वार्टरबॅकच घेणार. पहिल्याच फटक्यात."

"आणि शेवटच्या आलात तर?"

"तर माझ्या अकलेनं येईन, लोवेल. तो पोशाख कालच उसवून माझ्या मापाचा करून ठेवलाय."