खोटा खोकला

फुप्फुसाच्या कॅन्सरच्या दवाखान्याबाहेर माझ्या मागच्या बाकावर दोघी बोलत होत्या. एक जुनी पेशंट, दुसरी आजच पहिल्यांदा आलेली.

"घाबरू नकोस गं. मला तर आधी टीबी म्हणून कितीतरी महिने भलतीच औषधं दिली."

"मावशी, तुम्ही सिगारेट वगैरे...?"

"छे! ओढायचे आमचे हे. धूर मात्र दोघांत."

"आता कसं आहे?"

"हळू बोल. गोळ्या लागू पडल्या, गाठ वाटाण्याएवढी उरलीय. पण यांना सांगितलं नाही."

"अहो, का?"

"सिगारेट सुटली, स्वयंपाक शिकले, रोज पाय चेपून देतात. खरं कळलं तर पुन्हा खुर्चीत बसून चहा मागतील."

"ते बघा, आलेच काका."

"खुक्... खुक्... अहो, जरा पाणी द्या हो."

"हे घे. सावकाश पी. तुझा नंबर पुकारला, जा आत. मी इथंच बसतो."

मावशी कण्हत आत गेल्या.

"काका, काळजी करू नका. मावशी बऱ्या होतील."

"होतेच आहे. गाठ वाटाण्याएवढी झालीय. डॉक्टरांनी मला केव्हाच सांगितलं."

"मग तुम्ही बोलत का नाही?"

"पोरी, तिचा खरा खोकला मी रात्र-रात्र ऐकलाय. हा खोटा तिनं जन्मभर खोकावा. मी पाय चेपीन."

"काका, दार उघडलं."

"आली का? थांब, मला जरा काळजीत बसू दे."