रायफल नंबर २२०६ चा बोल्ट

मुंजाजीनं बोल्ट विकला, मुंजाजीनं बोल्ट विकला, हेच दिनकरराव दोन महिने झाले पारावर सांगायलेत. मी हैदराबादेहून तीन पत्रं टाकली की असं होणार नाही, आधी दुसरी रायफल बघा. एकाचं उत्तर नाही. उलट ठाण्यात अर्ज दिला. म्हणून आलो. जमादार बसवंतराव म्हणाले, "आरं, आधी नाव-गाव लिही, भांडण मागून." तर लिहितो.

नाव सिताराम मुंजाजी पांचाळ, वय २३, शिक्षण चौथी, धंदा लायसनच्या बंदूक दुकानात दुरुस्ती कारागीर, राहणार पिंगळी, हल्ली मुक्काम हैदराबाद. आज तारीख ९/१/१९८६ रोजी समक्ष हजर राहून माझ्या हातानं लिहून देतो की,

दिनकरराव आमच्या गावचे मोठे शेतकरी. त्यांना जुन्या बोल्टच्या रायफली जमवायचा आणि नटवायचा लय नाद. तीन आहेत, तिन्ही लायसनवर. त्यातल्या दोन एकाच बनावटीच्या, जोडीनं घेतलेल्या, नंबर २१९४ व २२०६. बोल्ट म्हणजे मागं-पुढं सरकणारा लोखंडी दांडा, त्यानं काडतूस नळीत बसतं. त्यावर रायफलीचाच नंबर मारलेला असतो. हा नाद मला लहानपणी त्यांच्याच ओट्यावर लागला, हे खोटं कशाला बोलू.

माझे वडील मुंजाजी, वय ५४, सुतार. गेल्या भादव्यात त्यांनी २२०६ ला शिसवीचा नवा दस्ता केला. काम नऊ दिवस चाललं, ते दिनकररावांच्या ओट्यावर, दिनकरराव समोर खुर्चीत. रायफल घराबाहेर गेली नाही. तेव्हा २१९४ कपाटात कुलुपात होती व किल्ली दिनकररावांच्या करदोट्याला. तिच्याही दस्त्याची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, वडिलांनी तेव्हाच घेतली होती.

दिवाळीनंतर रानडुकरं हाकायला दिनकररावांनी २२०६ बाहेर काढली. बोल्ट मिटेना. बघतात तर बोल्टवर नंबर २२०६ नाही. मग कोणता, ते वाचायच्या आधीच चोर ठरवला. त्या दिवसापासून माझा बाप चोर. वडिलांना कोणी काम दिलं नाही. पाराकडून जाणं सोडलं, ओढ्याकडून फिरून घरी येतात. आई सुलाबाईनं मला यातलं काही कळवलं नाही. चुडाव्याच्या पाव्हण्याकडून कळलं.

आज सकाळी अकराच्या सुमारास ठाण्यात २२०६ टेबलावर होती. हजर जमादार, दिनकरराव, माझे वडील व पंच म्हणून किराणा दुकानदार रामलिंगअप्पा. मी म्हणालो, दुसरी आणा. दिनकरराव म्हणाले, "तिचा काय संबंध? ती ठणठणीत हाय." जमादार म्हणाले, "आणा की मालक, बघायला काय जातंय." जीप पाठवून २१९४ आणली. वडील दाराशी उभे होते. बस म्हणालं तरी बसले नाहीत.

मी दोन्ही रिकाम्या असल्याची खात्री करून दोन्हीचे बोल्ट बाहेर काढले व टेबलावर ठेवले. जमादारांनी स्वतः नंबर वाचले. २२०६ मध्ये २१९४ चा बोल्ट. २१९४ मध्ये २२०६ चा. दोन्ही दांड्यांच्या बेचक्यात वाळलेलं कुंकू. मी ते नखानं काढून कागदावर ठेवलं.

मी दिनकररावांना विचारलं, "काका, खंडेनवमीला बोल्ट काढून पूजा करता ना?" ते म्हणाले, "काढतोच. देवीपुढं भरली बंदूक नको. एका ताटात सगळे बोल्ट मांडतो."

"मागून परत कोण घालतं? सूर्यभान गडी?"

यावर दिनकरराव चिडले. म्हणाले, "गड्याची काय टाप? माझ्या बोल्टला मी बायकोला हात लावू देत न्हाई. मीच घालतो."

खंडेनवमी दसऱ्याच्या आदल्या दिवशी येते, वडिलांचं काम भादव्यातच संपलं होतं. पहिले रामलिंगअप्पा हसले. म्हणाले, "मालक, एका मांडवात दोन लग्नं लावली अन् नवरदेव बदलून बसवले की!" जमादारांनी तोंडाला रुमाल लावला.

मी २२०६ चा बोल्ट २२०६ मध्ये घातला. एका बोटानं मिटला. मग वडिलांना म्हणालो, दादा, तुमी मिटून बघा. त्यांनी धोतराला हात पुसून तीन वेळा मिटला, तीन वेळा उघडला. दस्त्यावरूनही एकदा हात फिरवला. मग बाकावर बसले.

दिनकररावांनी अर्जाखाली 'तक्रार नाही' लिहून सही केली. मी म्हणालो, पारावर बोललात ते पारावरच मागं घ्या. रामलिंगअप्पा म्हणाले, "त्यांना कशाला तरास? मी दुकानात बसलो की दिवस मावळायच्या आत गावभर." तरी दिनकरराव स्वतः सांगतो म्हणाले. तेही लिहून ठेवावं.

वडिलांना अक्षर येत नाही म्हणून हा जबाब मी ठाण्यात उभं राहून मोठ्यानं वाचला. पंचांनी ऐकला, दिनकररावांनीही ऐकला. त्यात कमी-जास्त काही नाही, सगळं घडलं तसं आहे.

वाचून झाल्यावर दिनकरराव वडिलांकडे वळून म्हणाले, "मुंजाजी, झालं ते झालं. उद्यापासून २१९४ चा दस्ता करायला घे." वडील म्हणाले, "न्हाई मालक. दुसरा सुतार बघा. तिची उचल तुमची तुमाला परत." जमादार म्हणाले, हे जबाबात लागत नाही. मी म्हणालो, लागतं. म्हणून खाली लिहितो की सदर उचल मी हैदराबादेस पोचताच पगारातून दिनकररावांच्या नावे मनीऑर्डरनं पाठवीत आहे, रुपये एकशे पंचवीस फक्त.