न चमकणारं रक्त

रक्त काढायच्या खोलीबाहेर मी नंबर यायची वाट बघत होतो. शेजारच्या बाकावर दोघी बहिणी. धाकटी प्रयोगशाळेत काम करणारी.

"ताई, आमची ती हिरवा रंग लावलेली अँटिबॉडी रक्तातल्या पांढऱ्या पेशीवरच्या एका रिसेप्टरला, म्हणजे एका ठरावीक प्रथिनाला, चिकटते आणि पेशी हिरवी चमकते. बाकी कशाकडे ती ढुंकूनही बघत नाही."

"बरं, मग?"

"मग काय, चमकेचना! तीन महिने दर सोमवारी अँटिबॉडीची नवी कुपी उघडायची, आणि नुसता अंधार."

"रक्त कुणाचं घ्यायचीस?"

"माझंच. धडधाकट माणसाचं लागतं ना! शेवटी ती बनवणाऱ्या कंपनीला खरमरीत पत्र लिहिलं, तुमचा माल भिकार आहे म्हणून. ते म्हणाले, दुसऱ्या कुणाचं रक्त घेऊन बघा. मला इतका राग आला, की परत माझंच घेतलं."

"लहानपणापासून अशीच तू."

"मग प्रयोगशाळेतल्या आमच्या सरांनी स्वतःचा दंड पुढे केला. त्यांच्या पेशी अशा लखलखल्या, की मला टेबलाखाली लपावंसं वाटलं. नाचता येईना, अंगण वाकडं! तो रिसेप्टर माझ्यातच नाही."

"अगं बाई! धोका नाही ना?"

"छे. डॉक्टर म्हणाले, काहीजणांना नसतो, त्यावाचून अडत नाही."

"मग आज रक्त कशाला देतेस?"

"कंपनीनंच मागवलंय. न चमकणारं रक्त त्यांना तुलनेला हवं असतं, आणि ते सहजी मिळत नाही. पत्रात काय लिहिलंय माहितीये? 'आपल्यासारखी व्यक्ती आम्ही कधीपासून शोधत होतो.'"

"बघ!"

"असं मला आजवर कुणी म्हटलं नव्हतं गं, ताई. आणि म्हटलं तेही, माझ्यात जे नाही त्यासाठी."