वास आला तेव्हाच

गालाला रुमाल बांधून बसलेल्या शिलाईवाल्या मावशींची दाढ ठणकत होती, कान मात्र ठणठणीत होते. शेजारी मिक्सर-पंखे दुरुस्त करणारे नवरा-बायको बसले होते. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना सगळं सांगून नुकतंच बाहेर पाठवलं होतं. मुलगा अजून आतच होता.

“ऐन तरुण पोराच्या दातांचा असा भुगा होतो होय?” नवऱ्यानं बायकोला विचारलं.

“मेथ म्हणून ड्रग असतं, त्याच्या नशेनं होतो म्हणाल्या. तोंड कोरडं पडतं, दातावर दात घासले जातात. झोप उडते, भूक मरते, काळजावर ताण येतो.”

“आणि पोरगं जागून मिक्सर खोलतंय म्हणून आपण कौतुक केलं!”

“कौतुक तुम्ही केलंत. मी विचारलं होतं, खोललेलं जोडतो कधी?”

“मग आता?”

“वरच्या मजल्यावर व्यसनमुक्तीचा दवाखाना आहे. आत्ता उघडा आहे. पोरगंही हो म्हणालंय.”

“वर आपलं गिऱ्हाईक भेटलं तर?”

“तेही काही पंखा घेऊन आलेलं नसेल.”

“त्यापेक्षा घरातच कोंडून ठेवू.”

“जळका पंखा कोंडून ठेवल्यानं सुधारतो?”

“वर काय विचारतील, ठाऊक आहे मला.”

“काय?”

“मी गिऱ्हाइकांना विचारतो तेच. जळका वास आला तेव्हाच का नाही आणलात?”

“विचारू देत. गिऱ्हाइकं मान खाली घालून ऐकतातच ना तुमचं? आणि ओरडून झालं की तुम्ही पंखा ठेवून घेताच ना?”

“घेतो.”

तेवढ्यात तोंडात कापूस धरून पोरगा बाहेर आला. बाप उठला आणि भिंतीकडे बघत म्हणाला, “जिना चढवेल ना रे?”