साहेबांच्या गालावरचा तीळ

साखराबाई : ह्यांच्या गालावर तीळ नव्हता, सिद्धलिंग. चाळीस वर्षं संसार केलाय मी.

सिद्धलिंग : ठाव हाय, काकू. चूक माझीच. लक्ष्मणराव साहेब मंत्री झाले तवा कार्यकर्त्यांनी दहा दिवसात हजार पुतळे मागितले. हातभर उंचीचे, प्लास्टरचे. साच्यात हवेचा बुडबुडा राहिला, त्याचा तीळ झाला. ध्यानात आलं तवर निम्मे वाटून झालते.

साखराबाई : बाकीचे तरी खरवडायचे.

सिद्धलिंग : खरवडले की. लोक परत घेऊन आले. शेजारच्या घरातल्या साहेबाला तीळ हाय, आमच्या का न्हाई म्हणून.

साखराबाई : चार जण म्हणले की बकऱ्याचं बी कुत्रं होतंय. घरातला फोटो मोठा करायला नेला ह्या लोकांनी. आला तवा तीळ घेऊन आला.

साक्षी : आजी, मी शाळेत आजोबांचं चित्र काढलं होतं ना, त्याला बाईंनीच पेनानं तीळ लावला. मला वाटलं, माझंच चुकलं.

साखराबाई : ऐकलंस? नातीला खरा आजा ठाव न्हाई. आन आता चौकात ब्राँझचा उभा करून राहिले. तो काय खरवडता येतोय?

सिद्धलिंग : पुतळा समितीनं चेहऱ्याचं तुमच्यावर सोडलंय. मातीचा चेहरा हा तयार हाय. तुम्ही हाव म्हणलात की उद्या साचा घेतो.

साखराबाई : काढ तो तीळ. माझ्यासमोर काढ.

(सिद्धलिंग कोरणीनं तीळ काढतो, जागेवर ओलं बोट फिरवतो.)

सिद्धलिंग : बघा आता.

साखराबाई : जरा उजेडाकडं फिरव.

सिद्धलिंग : नाक बराबर न्हाई का?

साखराबाई : नाक हाय. कपाळ हाय. समदं बराबर हाय.

साक्षी : मग हो म्हण की, आजी.

साखराबाई : शेवटी दवाखान्यात सतरा दिवस हाच गाल पुसला मी. असाच होता, कोरा.

साक्षी : मग रडतेस कशाला?

साखराबाई : परका माणूस बघून राहिल्यावानी वाटतंय गं. मला भ्या वाटून राहिलंय.

सिद्धलिंग : काकू, घाई न्हाई. परवा घेऊ साचा.

साखराबाई : परवा तरी काय व्हणार हाय? चिमूटभर माती दे इकडं.

सिद्धलिंग : थांबा, जुना पुतळा आणतो. कुठं होता ते बघून मीच लावतो.

साखराबाई : राहू दे. मला ठाव हाय कुठं होता ते.