कुमुदच्या नावावर खपवलेलं ऊन

मंडळी, ऐका! चित्त इकडे, मोबाईल खिशात — हो, तुम्हीसुद्धा, पेटीमागचे काका! आज कीर्तनात एकच प्रश्न. बातमी कुणाची? लिहिणाऱ्याची, वाचणाऱ्याची, की पेपरच्या मालकाची?

तालुक्यात ‘रानवारा’ नावाचं दैनिक होतं. त्याची वार्ताहर कुमुद गव्हाणे. नऊ वर्षं स्कूटीवरून गावं पालथी घातली बाईनं! पुढे पेपर चालेना. विकत कुणी घेतला? भाऊसाहेबांनी — आश्रमशाळेला दूध पुरवणाऱ्या डेअरीच्या मालकांनी!

एक दिवस आश्रमशाळेतल्या अकरा मुली उलट्या करून आडव्या झाल्या. कुमुद सरकारी दवाखान्यात धावली. डॉक्टर म्हणाले, “दुधातनं विषबाधा. हा तपासणीचा कागद.” तिनं सगळं लिहून पाठवलं. आणि सकाळी छापून काय आलं? ‘मुलींना उन्हाचा त्रास’! अहो, जानेवारीत? स्वेटर घालून उष्माघात? शेजारी अर्धं पान भाऊसाहेबांचा वाढदिवस! आणि बातमीवर नाव — कुमुद गव्हाणे!

ती तणतणत संपादकांकडे गेली. देशमाने सर — तिला लिहायला शिकवलेला माणूस!

“सर, हे मी लिहिलेलं नाही.”

“माहीत आहे गं. पण मालक कोण आपले?”

“आणि मुली कुणाच्या?”

सरांनी चष्मा पुसला. आणि उद्याचं पान लावायला घेतलं!

कुमुद दवाखान्यात परतली. एका मुलीच्या आईनं पेपर पुढे केला. “बाई, तुम्हीच लिहिलंत ना, ऊन लागलं म्हणून? शाळेत उद्यापासून तेच दूध पुन्हा सुरू होतंय.”

कुमुदनं तपासणीच्या कागदाची झेरॉक्स काढली. तडक शाळेत गेली. फाटकाजवळच्या फळ्यावर खडूनं खरी बातमी लिहिली, ती झेरॉक्स डकवली, खाली सही ठोकली. सकाळी दुधाची गाडी आली — तर फळा वाचून मुलींच्या आया फाटकात उभ्या! गाडी मागं फिरली. मुली बऱ्या झाल्या. महिन्याभरात डेअरीला सरकारी टाळं लागलं. कुमुदची नोकरी मात्र गेली. आणि ‘रानवारा’त काय छापलं? ‘दुरुस्तीसाठी डेअरी बंद’!

टाळ्या कसल्या वाजवताय? दूध घेताना बोट बुडवून बघता, फॅट विचारता! पेपर रोज घरात घेता — त्याचा मालक कोण, त्याचा दुसरा धंदा काय, ठाऊक आहे? हात वर करा. करा की! तीनशे माणसं बसलीत — आणि एकही हात नाही?

विठ्ठल, विठ्ठल!