आबांचं मैदान आणि साहेबाचं भरीत

अक्का, रमेश, आणि नरडाण्यातल्या, शिंदखेड्याहून आलेल्या सगळ्या मंडळींनो, जय भीम. आबांवर दोन शब्द बोला, असं मला सांगितलंय. कसं बोलू? फुटबॉल क्लबचा सेक्रेटरी म्हणून इतकी वर्षं आबांच्या शेजारी बसलो, पण अध्यक्ष बोलत असताना मला दोन शब्द कधी मिळाले नाहीत. आज मिळालेत, तर दोनावर थांबणार नाही.

त्या साहेबाची गोष्ट मी सांगणार. आबा असते तर त्यांनीच सांगितली असती, आणि साहेब दर वेळी थोडा जास्त उंच झाला असता.

आठवतं ना? परदेशी पैसा येणार, परदेशी पैसा येणार, म्हणून तेव्हा जो तो इस्त्रीचे कपडे घालून हिंडत होता. आपल्याकडे कारखाने निघणार म्हणून जमिनीला भाव आला. आणि एक दिवस मुंबईचा एक दलाल गोऱ्या साहेबाला घेऊन क्लबवर आला. साहेब क्लबात पैसे घालणार, स्टेडियम बांधणार, भोवती दुकानं काढणार. आबांना स्टेडियम हवंच होतं. शिवाय त्यांच्या पोराला, रमेशला, कोपऱ्यावरचं दुकान कबूल झालं होतं. घराच्या ओट्यावर बसून लोकांचे टेपरेकॉर्डर दुरुस्त करून तो कंटाळला होता.

दलाल म्हणाला, साहेबाला मॅचला गर्दी दिसली पाहिजे. आता आपल्या मॅचला गर्दी कुठली? आबांनी गावोगाव सांगितलं, मॅच बघायला या, भरीत आहे. लोक आले. ट्रॅक्टर भरभरून आले. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजायला लागल्यावर घरी कोण थांबतो? सपाट जागा एकच, म्हणून आबांनी पंगत मैदानातच बसवली, एका गोलपासून दुसऱ्या गोलपर्यंत. साहेबानं विचारलं, मॅच कधी? आबा म्हणाले, जेवत्या माणसाला उठवत नाहीत. मग साहेबही पंगतीत बसला. मांडी घालता येईना, म्हणून पाय पुढे पसरून बसला.

तेवढ्यात दलालानं नकाशा उलगडला. इथं दुकानं, इथं फ्लॅट. आबांनी विचारलं, स्टेडियम कुठाय? ते स्टेशनच्या पलीकडे, पुढेमागे होईल. आणि हे मैदान? इथं गाड्या उभ्या राहतील.

पाहुणा पानावर असताना नाही म्हणायचं कसं? आबांनी साहेबाला भरीत वाढलं. दलालानं सहीसाठी पेन काढलं, आबांनी ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी वाढली. पुन्हा पेन, पुन्हा भरीत. आबांचा हात भरलेला, साहेबाचा हात भरलेला, आणि मिरचीनं साहेबाच्या डोळ्यांना धारा. सही करणार कोण? असं करता करता गाडीची वेळ झाली.

स्टेशनवर हात धुऊन आबांनी सांगितलं, "साहेब, दुकानं कोठेबी व्हतीन. पोरेस्नी कोठे खेळनं?" दलालानं त्याचं इंग्रजी केलं की नाही, मला माहीत नाही. साहेबानं मात्र आबांचा हात बराच वेळ सोडला नाही.

हसा, हसा. पण त्या दिवशी आबांच्या घरी कोणी हसलं नाही. रमेशचं दुकान गेलं होतं. तो आबांशी वर्षभर बोलला नाही. दोघं एकाच खोलीत, आणि अक्का मधे बसून नवऱ्याचं पोराला, पोराचं नवऱ्याला सांगायच्या. आबांना ते फार लागलं. मला म्हणाले, "त्यानं काय चुकनं? पन बठ्ठा पोरे मन्हाच शेतस." मैदानावरची सगळीच पोरं त्यांची.

आज सकाळी आम्ही मंडप मैदानाच्या मधोमध घालायला निघालो होतो. माणसं मावतील, ऐसपैस बसता येईल, असा विचार. रमेश आडवा आला. म्हणाला, बांबू रोवले की खड्डे पडतात, मंडप लाइनीच्या बाहेर घाला. म्हणून आपण सगळे इथं गोलच्या मागे एकमेकांच्या मांडीवर बसलोय. गैरसोय झाली असेल तर रमेशला बोला.

आता उभे राहू या. थोडा वेळ आपण गप्प राहू. मैदानातल्या पोरांना रमेशनं खेळत राहायला सांगितलंय, त्यांना कोणी थांबवू नका.

आबा, जय भीम.